भाऊंचे सभात्याग

माझ्या लग्नातून भाऊ उठून गेले. लग्न म्हटलं की कुणीतरी रुसतंच. जावई रुसतो, मामा रुसतो, वरमाईला तर रुसायचा हक्कच असतो. पण भाऊ आमच्याकडचे, म्हणजे मुलाकडचे पाहुणे, आमचे शेजारी, आणि वर त्या भागाचे आमदार! पंगत बसली. आमच्या लोकांना बुंदी दुसऱ्यांदा फिरली, मुलीकडच्यांना पहिल्यांदाही पोचली नव्हती. भाऊंनी ते पाहिलं, पत्रावळीवरून उठले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "लग्नात पोरीवाले म्हंजे विरोधी पक्ष. त्याइच्यावर अन्याय होऊन राह्यला. निषेध म्हणून मी सभात्याग करतो."

आणि गेले की! माझे सासरे बिचारे पागोटं सावरत त्यांच्यामागे धावले. माझे वडील म्हणाले, "राहू द्या हो, त्याइचं तसंच हाय." मुंडावळ्यांच्या आड माझी नवी बायको खुदकन हसली. तिचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं ते भाऊंमुळे, म्हणून मी त्या दिवशी रागावलो नाही. बुंदी मात्र लगेच मुलीकडच्या पंगतीत फिरली. भाऊ मांडवाबाहेर निंबाखाली बाजेवर बसले होते. मी जाऊन म्हटलं, "भाऊ, चला आता, वाढली बुंदी." तर म्हणाले, "नाई गड्या. उठलेला माणूस परत येऊन बसला तं त्याले सभात्याग म्हणत नाई, त्याले लघवीले जाणं म्हणतात. बाहेर गेला तो गेला." मग त्यांचं ताट तिथंच बाजेवर पाठवलं. चांगलं पोटभर जेवले.

हिंगणघाटला आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी जिनिंगमध्ये कामाला होतो, दिवसभर कापसाचा फुफाटा खायचा आणि संध्याकाळी भाऊंच्या ओसरीवर बसून तो खोकून काढायचा. माझ्याजवळ एक जुनी फटफटी होती. भाऊंजवळ आमदारकी होती, पण गाडी नव्हती. तेव्हा मतदारसंघाचा अर्धा दौरा माझ्या फटफटीवर झाला. पक्ष कोणता होता ते विचारू नका, तो आता राहिला नाही, आणि होता तेव्हाही सभागृहातला अख्खा पक्ष एका टांग्यात मावायचा. दोनदा पडले, तिसऱ्यांदा निवडून आले. कसे आले ते स्वतःच सांगायचे: "दोन मोठ्या बैलाइची टक्कर झाली, आन् कडबा माह्या वाट्याले आला."

सभागृहात विरोधी पक्ष अध्यक्षांच्या डाव्या हाताला बसतो. ही गोष्ट भाऊंच्या अंगात इतकी भिनली की कुठेही गेले तरी आधी तिथला अध्यक्ष कोण ते हेरायचे आणि त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसायचे. पंगतीत यजमानाच्या डावीकडे. कीर्तनात बुवांच्या डावीकडे. एकदा वडनेरला एका घरी सत्यनारायण होता, तिथे देवाच्या डावीकडे यजमानीणबाई बसलेल्या. भाऊ तिथंच उभे राहिले. गुरुजी म्हणाले, "आमदारसाहेब, इकडे उजवीकडे मोकळं आहे." भाऊ म्हणाले, "मोकळं हाय, पन ते सत्ताधारी बाक हाय." शेवटी त्या बाईंना सरकून जागा द्यावी लागली. देवालाही त्या दिवशी जरा जपून राहावं लागलं असेल.

एस.टी.तसुद्धा तेच. त्या काळी एस.टी.मध्ये पुढे आमदारांसाठी राखीव सीट असायची. कंडक्टर तिथल्या माणसाला उठवून भाऊंना बोलवायचा आणि भाऊ सरळ मागच्या बाकावर जाऊन बसायचे, जिथे रस्त्यातला एकेक खड्डा मणक्याला ओळख देतो. मी चिडायचो. "भाऊ, तुमच्या हक्काची सीट हाय ना जी!" ते म्हणायचे, "पुढं बसल्यावर खड्डे कळत नाई. मंग तिथी सभागृहात मी बोलू काय?"

घरी मात्र खरी मजा. घरात वहिनींची सत्ता होती आणि भाऊ त्यांना बिनदिक्कत 'सरकार' म्हणायचे. जेवायला बसले की सभागृहातल्यासारखे तारांकित प्रश्न सुरू, तेही छापील भाषेत.

"आजच्या वांग्याच्या भाजीत मीठ कमी आहे, हे खरे आहे काय?"

वहिनी चुलीपुढून मान न वळवता म्हणायच्या, "हे खरे नाही."

"असल्यास, त्याची कारणे काय आहेत?"

"प्रश्न उद्भवत नाही."

वहिनी चौथी शिकलेल्या. पण भाऊंचे कागद वाचून वाचून मंत्र्यांची सगळी उत्तरं त्यांना पाठ झाली होती. सुनेनं नवं लुगडं मागितलं तर 'बाब विचाराधीन आहे', दूधवाल्यानं पाणी घातलं तर 'चौकशी करण्यात येत आहे'. माझी बायको ते ऐकून ऐकून आमच्या घरीही तसंच बोलायला लागली. मी काही आमदार नव्हतो, तरी माझे अनेक प्रश्न उद्भवले नाहीत!

आता मुख्य गोष्टीकडे येतो. वहिनींचं माहेर वडनेरच्या पुढे, एका नाल्यापलीकडे. गावाला चांगलं नाव आहे, पण सगळे त्याला पलीकडचं गावच म्हणायचे. उन्हाळ्यात नाल्यात पोट्टे कंचे खेळायचे आणि पावसाळ्यात तोच नाला बंडी बैलासकट ओढून न्यायचा. एकदा झड लागली की पलीकडचं गाव चार-चार दिवस पलीकडेच. भाऊ निवडून आल्यावर वहिनींनी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. "तुमी दुनियेचे प्रश्न मांडता, माह्या मायच्या गावाले एक पूल मांगा." भाऊ हसले. म्हणाले, "सासरवाडीले पूल मांगला तं लोक काय म्हणतीन? म्हणतीन, आमदाराले जावयाचा मान घ्याले रस्ता पाह्यजे." त्यांना त्याची लाज वाटायची. बाकी सगळ्या गावांचं मागितलं, तेवढं राहून गेलं.

मग एका श्रावणात निरोप आला, म्हातारी गेली. म्हणजे वहिनींची आई. मी फटफटी काढली, भाऊ एस.टी.नं वहिनींना घेऊन वडनेरपर्यंत आले, पुढे बंडी केली. नाल्यावर पोचलो तर पाणी असं की पलीकडच्या माणसाचं ओरडणं ऐकू येईना. वहिनींचे दोन्ही भाऊ त्या काठावर उभे होते. हातानं खुणा करत होते, थांबता येत नाही म्हणून. पाऊस उघडला होता, तेवढ्यात उरकायला पाहिजे होतं. आम्ही या काठावर आणि त्या काठावरून धूर वर गेला. वहिनी रडल्या नाहीत. पदर डोक्यावर घट्ट ओढून उभ्या राहिल्या, धूर बारीक होईपर्यंत. परत बंडीत बसताना भाऊंना एवढंच म्हणाल्या, "आता तं जावयाचा मान कराले बुढी पन नाई राह्यली. आता तरी मांगा."

भाऊंचं तोंड मला त्या दिवशी पाहवलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात तारांकित प्रश्न झाले नाहीत. भाजी खारट असली तरी गुमान खायचे. मला ती शांतता सहन होईना. मीच एकदा मुद्दाम म्हटलं, "वहिनी, भाजीत मीठ..." तर वहिनी म्हणाल्या, "तुमी विधानसभेत नाई, जेवा चुपचाप."

पुढे प्रत्येक अधिवेशनात भाऊंनी पुलाचा प्रश्न टाकला. उत्तर यायचं, बाब विचाराधीन आहे. ते उत्तर भाऊ घरी वाचून दाखवायचे आणि वहिनी ऐकून आत जायच्या.

मधे एकदा सत्ताधाऱ्यांकडचे एक वजनदार गृहस्थ संत्र्यांची पेटी घेऊन ओसरीवर आले. मी होतो तिथे. गोड माणूस. म्हणाले, "भाऊ, किती दिवस त्या बाजूला बसून घसा फोडणार? इकडे या. दिवाळीच्या आत पुलाचा नारळ फोडू." भाऊंनी दाराकडे पाहिलं. दारात वहिनी उभ्या होत्या. मला वाटलं, गेले भाऊ! कारण नाही म्हणायचं तर वहिनींकडे पाहून कसं म्हणणार? वहिनींनी पाहुण्याला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "पूल तं मले पाह्यजेच, साहेब. पन त्या पुलावरून मी माहेरी जाईन, आन् माहे भाऊ इचारतीन, जावई आता कोन्या पक्षात हाय, तं मी काय सांगू?" गृहस्थ हसले. संत्र्यांची पेटी भाऊंनी परत त्यांच्या जीपमध्ये ठेवायला लावली, त्यातलं एक संत्रं काढून घेतलं आणि म्हणाले, "एवढं निषेध न नोंदवता घेतो."

त्या रात्री जेवताना भिंतीपलीकडून भाऊंचा आवाज आला, "वरणाला फोडणी नाही, हे खरे आहे काय?" माझी बायको आणि मी एकमेकांकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "हे अंशतः खरे आहे." हुश्श!

आता नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचं सांगतो. त्या दिवशी पुलाचा प्रश्न पुकारला जाणार होता. वहिनी जन्मात पहिल्यांदा सभागृह पाहायला निघाल्या. सोबत मी, अर्धी रजा टाकून. सकाळी विधानभवनाबाहेर चहाच्या टपरीवर खुद्द पुलाच्या खात्याचे मंत्री भेटले. माणूस भला होता, भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आज विचाराच. तुमच्या चिकाटीपुढे हरलो बुवा. आज हो म्हणणार आहे." सभागृहात मंत्री तोंडानं हो म्हणाला की ते आश्वासन होतं, मग त्याला पळता येत नाही. भाऊंचा चेहरा असा फुलला की त्यांनी वहिनींना चक्क सगळ्यांदेखत भजी घेऊन दिली.

आम्ही वर गॅलरीत बसलो. तिथे बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा बेतानं. खाली भाऊ डाव्या बाजूला, मागच्या बाकावर. कामकाज सुरू झालं. पहिलाच प्रश्न कापसाचा निघाला आणि दुसऱ्याच एका मंत्र्यानं काहीतरी थट्टेनं उत्तर दिलं. डाव्या बाजूला गलका झाला. विरोधी पक्षनेते उठले, "आम्ही निषेध म्हणून सभात्याग करतो," एवढं त्यांच्या तोंडून पुरतं निघालंही नव्हतं आणि सगळ्यांत आधी दाराबाहेर कोण गेलं असेल? आमचे भाऊ! धोतराचा सोगा हातात धरून, मान ताठ.

मी कपाळावर हात मारला. वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या, "परत येतीन न?" मला बाजेवरची बुंदी आठवली.

आणि पुकारला ना प्रश्न! मंत्री हातात कागद घेऊन उभे राहिले, समोर पाहतात तर बाक रिकामा. अध्यक्ष म्हणाले, "सदस्य अनुपस्थित. पुढचा प्रश्न." मंत्र्यांनी वरती पाहिल्यासारखं केलं आणि कागद घडी करून खाली बसले. वहिनींनी गॅलरीचा कठडा दोन्ही हातांनी धरला होता. श्रावणात नाल्यावर उभ्या होत्या ना, अगदी तशाच. मला ते बघवेना. मी उठलो आणि जिने उतरत धावलो. पहारेकऱ्यानं हटकलं त्यालाही जुमानलं नाही.

भाऊ बाहेर झाडाखाली पक्षाच्या लोकांत उभे राहून संत्रं सोलत होते. काय तो थाट! मी म्हटलं, "भाऊ, तुमचा पूल पुकारला."

त्यांच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. "आज... आज होता न बे," म्हणाले. मग हळूच, "मी उठलो नाई गड्या. पाय उठले. डोक्याले कोनी इचारलंच नाई." आणि मग विचारलं, "तुही वहिनी वर हाय का?" मी मान हलवली.

बाकीचे म्हणायला लागले, "भाऊ, आता जाऊ नका. निषेध मोडेल. पेपरवाले बघून राह्यले. पुढच्या अधिवेशनात मांडा." भाऊंनी आयुष्यात मोडला नव्हता असा एकच नियम होता. लग्नातल्या बुंदीसाठी जो माणूस परत आत आला नाही, तो आता भर सभागृहात एकटा परत जाणार? मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. त्यांनी सोललेलं संत्रं माझ्या हातात दिलं, उपरण्याला हात पुसले आणि निघाले.

मी धापा टाकत गॅलरीत पोचलो तेव्हा भाऊ दारातून आत येत होते. रिकाम्या बाकांमधून एकटाच माणूस चाललेला. उजव्या बाजूनं बाकं वाजवायला सुरुवात केली. "या, या! विसरलं वाटतं काही?" "टोपी राहिली का भाऊ?" हशा असा की छत उडावं. भाऊ आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. कान लाल झालेले वरूनही दिसत होते. "अध्यक्ष महाराज, हरकतीचा मुद्दा."

अध्यक्ष हसू दाबत म्हणाले, "सन्माननीय सदस्य तर बाहेर गेले होते."

"मी गेलतो, अध्यक्ष महाराज. माहा प्रश्न इथीच बसून होता. त्याले पलीकडं जाता येत नाई, मंधात नाला हाय."

सभागृह पुन्हा हसलं, पण या वेळी वेगळं हसलं. अध्यक्षांनी प्रश्न पुन्हा पुकारायला परवानगी दिली. मंत्र्यांनी घडी केलेला कागद उघडला आणि म्हणाले की पूल मंजूर करण्यात येत आहे. भाऊंनी वर पाहिलं नाही. वहिनींनी मात्र कठडा सोडला, पदरानं डोळे पुसले आणि माझ्या हातातलं अर्धं संत्रं घेऊन खाल्लं.

पक्षानं भाऊंना खूप बोल लावले. गावातली टवाळ पोरं त्यांना 'परत आलेले आमदार' म्हणायला लागली. पुढच्या निवडणुकीत बैलांची टक्कर झाली नाही आणि भाऊ पडले. पडले ते आपटूनच. निकालाच्या दिवशी ओसरीवर बसून मला म्हणाले, "आता कोठून सभात्याग करू गड्या? आता तं सभाच नाई." हसत म्हणाले, पण मला ते लागलं.

पूल आपल्या गतीनं होत राहिला. झाला तेव्हा ऐंशीचं दशक बरंच पुढे सरकलं होतं, मंत्री दुसरे होते, आमदार दुसरा होता. उद्घाटन वैशाखात, दुपारचं. पत्रिकेत भाऊंचं नाव नव्हतं. मी म्हटलं, कशाला जाता? वहिनी म्हणाल्या, "त्याइचं नाव नसन, माहं माहेर तं हाय." गेलो. मांडवात भाऊ मंचाच्या डाव्या हाताला, खाली सतरंजीवर बसले. वहिनी बायकांत.

मंत्री येईनात. ऊन असं की मांडवाचं कापड तापून वास यायला लागला. मंचावरच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर बर्फाचं पाणी झाकून ठेवलेलं आणि मांडवात लेकरं पाण्यासाठी रडत होती. पुलाच्या तोंडाला रंगीत फीत, तिच्यापाशी एक साहेब उभा. पलीकडच्या टोकाला वहिनींचे भाऊ, भावजया, सगळं गाव उन्हात उभं. पलीकडून वहिनींचा धाकटा भाऊ पाण्याची कळशी घेऊन निघाला, तर साहेबानं हात दाखवून त्याला तिकडेच थांबवलं. उद्घाटनाआधी कुणी पाय ठेवायचा नाही! आम्ही या काठावर, ते त्या काठावर. पुन्हा तसंच. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी पदर डोक्यावर घट्ट ओढला होता.

आणि भाऊ उठले. किती दिवसांनी तो आवाज ऐकला! रिकाम्या खुर्चीला हात जोडून म्हणाले, "अध्यक्ष महाराज! पूल नव्हता तवा आमी थांबलो, ते ठीक होतं. आता पूल हाय, तरी आमाले थांबवून राह्यले. याचा निषेध म्हणून मी सभात्याग करतो."

सभात्याग करून जाणार कुठे? मागे जीपगाड्या लावलेल्या, दोर बांधलेले. वाट एकच मोकळी होती, मंचाच्या डाव्या हाताची, आणि ती पुलावर जात होती. भाऊ निघाले. साहेब म्हणाला, "अहो, फीत आहे!" भाऊंनी फीत तोडली नाही. दोन बोटांनी वर उचलली, वाकले आणि खालून पलीकडे गेले. मग ती तशीच धरून उभे राहिले, कारण वहिनी आल्या होत्या. त्यांच्यामागे माझी बायको, तिच्यामागे ती रडणारी लेकरं, त्यांच्या आया, म्हातारे, मी. साहेबानं दोनदा "थांबा" म्हटलं आणि मग तोच फीत उचलून धरायला लागला. मंत्री आले तेव्हा मांडवात फक्त ध्वनिक्षेपकवाला होता. त्यांनी फीत कापली, आम्ही पलीकडच्या काठावरून टाळ्या वाजवल्या, कुणाचं काही बिघडलं नाही.

पण माझ्या डोळ्यापुढे येतं ते त्याच्या आधीचं. भाऊ पुलाच्या मधोमध पोचले आणि थबकले. सगळी आमदारकी ज्यानं उठून जाण्यात घालवली, आणि ज्याच्यामागे कधी टांगाभर माणसं उठली नाहीत, त्यानं मागे वळून पाहिलं. अख्खा मांडव त्यांच्यामागे चालत येत होता. भाऊंनी सवयीनं हात जोडले. काही बोलणार, तेवढ्यात वहिनींनी त्यांच्या कोपराला धरलं.

"मांगं काय पाहून राह्यले जी?" त्या म्हणाल्या. "बाहेर गेला तो गेला. चाला, माहेरी जेवाले थांबले असतीन."